सीएच्या पेपरची पैसेवारी: परीक्षेनंतर स्वतःच्या गुणांचा अंदाज कसा काढावा

मराठवाड्यात खरिपाची पिके काढणीला आली की गावोगावी पैसेवारीची, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आले या सरकारी अंदाजाची, चर्चा सुरू होते. महसूल यंत्रणा आधी नजर अंदाज पैसेवारी काढते, मग सुधारित आणि शेवटी अंतिम. आणि गाव पन्नास पैशांच्या आत आले की वर गेले, यावर सवलतींचे पुढचे सारे अवलंबून असते. उभ्या पिकाकडे पाहून सांगितलेला आकडा आणि पीक कापून, मळून, वजन करून आलेला आकडा यांत अंतर पडतेच, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही तोच मुलगा सीएचा पेपर देऊन केंद्राच्या फाटकाबाहेर येतो, तेव्हा पाच मिनिटांत स्वतःची अंतिम पैसेवारी जाहीर करून मोकळा होतो: "पंचावन्न तर कुठेच गेले नाहीत", किंवा "याही वेळी गेलाच". त्या पाच मिनिटांऐवजी काय करावे, हे येथे सविस्तर मांडत आहे. उदाहरणे सीएच्या मधल्या पातळीची, म्हणजे इंटरमिजिएटची घेतली आहेत. शेवटच्या पातळीला, फायनललाही पद्धत तीच लागू पडते.

हा अंदाज काढायचा कशासाठी, हे आधी स्पष्ट असावे. इंटरमिजिएटची परीक्षा २०२४ पासून वर्षातून तीनदा होऊ लागली, त्यामुळे दोन परीक्षांमधले अंतर सुमारे चार महिन्यांवर आले, आणि त्यातले दीड ते दोन महिने निकाल लागण्यातच जातात. निकालाची वाट पाहत बसलेल्या विद्यार्थ्याला अपयश आले तर पुढच्या तयारीसाठी जेमतेम दोन महिने उरतात. याउलट परीक्षा संपल्यावर आठवडाभरात ज्याने स्वतःची स्थिती ओळखली, त्याला जवळजवळ दुप्पट वेळ मिळतो. परभणी, हिंगोली किंवा बीडहून येऊन लातूर, छत्रपती संभाजीनगर अथवा पुण्यात खोली करून राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न पैशांचाही आहे. खोली सोडायची की ठेवायची, मेसचे पुढच्या महिन्याचे पैसे भरायचे की नाही, अभ्यासिकेतली जागा राखायची की नाही, आणि दोन्ही ग्रुप (पेपरांचे दोन गट) दिले असतील तर आर्टिकलशिपसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी, फर्म शोधायला लागायचे की नाही, हे निर्णय निकालाआधीच घ्यावे लागतात. निकालाचे भाकीत करणे हा अंदाजाचा हेतू नाही; हे निर्णय कमीत कमी नुकसानीत घेता यावेत, एवढ्यासाठी तो काढायचा आहे.

मी स्वतः २०११ च्या मे महिन्यात आयपीसीसीचा (इंटरमिजिएट पातळीचे तेव्हाचे नाव) पहिला ग्रुप दिला. तेव्हा त्या ग्रुपमध्ये चार पेपर असत आणि उत्तीर्ण होण्यासाठी ४०० पैकी २०० गुण लागत. शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी मी वडिलांना फोनवर "दोनशे तीसपर्यंत जातील" असे सांगितले, आणि त्यांनी ते गावात चारचौघांना सांगितले. निकालात १८७ गुण होते, त्यात कायद्याच्या पेपरला ३८. सोडवलेल्या प्रश्नांचे गुण मी मिळालेले गुण म्हणून मोजले होते, ही माझी चूक होती. मधले दोन महिने मी पुस्तक उघडले नव्हते, याची खंत मला त्या ३८ गुणांपेक्षा अधिक काळ वाटत राहिली. आज लातूरमध्ये व्यवसाय करताना माझ्याकडे येणारे विद्यार्थी हीच चूक करताना दिसतात, म्हणून हे लिहावेसे वाटले.

रेघ नेमकी कुठे आहे

इंटरमिजिएट आणि फायनल या दोन्ही पातळ्यांवर प्रत्येक ग्रुपमध्ये १०० गुणांचे तीन पेपर असतात. प्रत्येक पेपरमध्ये किमान ४० आणि ग्रुपची बेरीज किमान १५० असेल तरच ग्रुप निघतो. दोन्ही ग्रुप एकाच वेळी दिले असतील आणि एका ग्रुपची बेरीज १५० च्या खाली राहिली, तरी सर्व सहा पेपरमध्ये किमान ४० आणि एकत्रित बेरीज किमान ३०० असल्यास दोन्ही ग्रुप उत्तीर्ण धरले जातात. म्हणजे पहिल्यात १४२ आणि दुसऱ्यात १६१ असतील तरी विद्यार्थी उत्तीर्ण होतो. उलट ३९, ७० आणि ६१ असे गुण असलेला विद्यार्थी १७० ची बेरीज असूनही अनुत्तीर्ण ठरतो. मात्र ग्रुपच्या सर्व पेपरना बसलेला असल्याने ज्या पेपरमध्ये त्याला ६० किंवा अधिक गुण आहेत, त्यांचे एक्झेम्प्शन, म्हणजे ते पेपर पुन्हा देण्यापासून सूट, त्याला पुढच्या तीन परीक्षांसाठी मिळते, आणि ते गुण पुढच्या वेळी बेरजेतही धरले जातात. सीएच्या पहिल्या पातळीला, फाउंडेशनला चार पेपर, प्रत्येकी किमान ४० आणि एकूण ४०० पैकी २०० हा हिशेब आहे.

याचा अर्थ असा की अंदाज काढताना एकच आकडा पुरत नाही. प्रत्येक पेपर ४० च्या रेघेपासून किती दूर आहे, ग्रुप १५० पासून किती दूर आहे आणि कोणता पेपर ६० च्या जवळ आहे, अशा तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी काढावी लागतात.

पहिली संध्याकाळ: फक्त पंचनामा

मे महिन्यात दुपारी दोन ते पाच पेपर देऊन बाहेर पडलेला विद्यार्थी उन्हाने, जागरणाने आणि ताणाने इतका थकलेला असतो की त्याच्या निवाड्यावर त्या वेळी विसंबू नये. त्याची स्मरणशक्ती मात्र त्याच संध्याकाळी सर्वात ताजी असते. म्हणून त्या दिवशी नोंद करावी आणि गुण देऊ नयेत. अतिवृष्टीनंतर तलाठी बांधावर येऊन आधी पंचनामा करतो, भरपाईचा आकडा नंतर ठरतो. क्रम तोच ठेवावा.

नोंदीसाठी पंधरा-वीस मिनिटे पुरतात. वहीच्या एका पानावर प्रत्येक प्रश्न आणि उपप्रश्न लिहून त्यापुढे तो किती गुणांचा होता, आपण तो सोडवला का, पूर्ण केला का, शेवटी कोणता आकडा किंवा निष्कर्ष आला, आणि लिहिताना कोणत्या पायरीवर शंका वाटली, एवढे टिपावे. उत्तरे कोणत्या क्रमाने लिहिली हेही टिपावे. त्याचे कारण पुढे येईल. ही नोंद परीक्षागृहाबाहेर आल्यावरच करावी, कारण पेपर चालू असताना प्रश्नपत्रिकेवर स्वतःच्या क्रमांकाखेरीज काही लिहिणे नियमात बसत नाही. पान पूर्ण झाले की वही मिटावी. उत्तरे बरोबर आहेत का ते पुस्तकात पाहू नये आणि फाटकाबाहेर जमलेल्या घोळक्यातही थांबू नये, कारण तिथे जो सर्वात मोठ्या आवाजात बोलतो त्याचे उत्तर बरोबर ठरते आणि पुढच्या पेपरच्या तयारीची संध्याकाळ वाया जाते. सगळे पेपर संपेपर्यंत या वहीत केवळ पंचनामेच जमा व्हावेत.

वस्तुनिष्ठ प्रश्नांचा हिशेब

शेवटच्या पेपरनंतर एक-दोन दिवस झोप पूर्ण करावी आणि मगच हिशेबाला बसावे. सध्याच्या रचनेत इंटरमिजिएटच्या प्रत्येक पेपरचे ३० गुण वस्तुनिष्ठ प्रश्नांना आणि ७० गुण वर्णनात्मक उत्तरांना आहेत. पहिल्या भागापासून सुरुवात करणे सोपे जाते, कारण तिथे उत्तर बरोबर असते किंवा चूक.

समजा दोन गुणांचे १५ प्रश्न होते. त्यांचे तीन ढीग करावेत: खात्रीचे, दोन पर्यायांमध्ये अडकलेले आणि निव्वळ अंदाजाने गोल भरलेले. एखाद्या विद्यार्थिनीचे ८ प्रश्न खात्रीचे, ४ दोन पर्यायांमधले आणि ३ अंदाजाचे आहेत असे धरू. इंटरमिजिएट आणि फायनलला चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे मधला अंदाज खात्रीचे १६, दोन पर्यायांमधल्या ८ गुणांपैकी निम्मे म्हणजे ४, आणि अंदाजाच्या ६ गुणांपैकी चौथा भाग म्हणजे दीड, असा साडेएकवीस येतो. खालचा अंदाज काढताना खात्रीच्या आठांपैकी एक चुकला, चारांपैकी एकच बरोबर आला आणि बाकी तीन गेले असे धरावे; तो १६ होतो. वरचा अंदाज साधारण २४ होतो. खात्रीच्या ढिगातून एक प्रश्न वजा करायला अनेकांचे मन तयार होत नाही, पण माझ्या पाहण्यात असा विद्यार्थी जवळजवळ नाही की ज्याचे खात्रीचे सगळे प्रश्न खरोखर बरोबर निघाले.

एकाच केस सिनॅरिओवर, म्हणजे दिलेल्या एका प्रसंगावर, आधारलेल्या प्रश्नांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. त्या माहितीतून काढलेला पहिला आकडा चुकला असेल तर त्यावर उभे असलेले दोन-तीन प्रश्न एकदम जातात. अशा ठिकाणी खालच्या आणि वरच्या अंदाजातले अंतर वाढवावे.

फाउंडेशनच्या तिसऱ्या आणि चौथ्या पेपरमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. चार पर्यायांतून डोळे झाकून निवडलेल्या १६ उत्तरांपैकी सरासरीने ४ बरोबर येतील आणि १२ चुकतील असे धरले, तर चारातून तीन वजा होऊन हाती एक गुण राहतो. म्हणून त्या दोन पेपरमध्ये अंदाजाच्या ढिगाचे गुण शून्य धरणेच योग्य.

सत्तर गुणांची खरी कसोटी

वर्णनात्मक भागात पहिला आकडा काढायचा तो कमाल मर्यादेचा: आपण एकूण किती गुणांचे प्रश्न लिहिले? ७० पैकी ६२ गुणांचे लिहिले असतील तर हिशेब ६२ पासून सुरू होतो, आणि उरलेले ८ गुण "वेळ मिळाला असता तर आलेच असते" या सदरात टाकून विसरून जावेत. पहिला प्रश्न अनिवार्य आणि उरलेल्या पाचांपैकी चार सोडवा, अशी सूचना असलेल्या पेपरमध्ये ज्याने पाचही सोडवले, त्याने येथे थांबून आपली क्रमवारी पाहावी. उत्तरपत्रिकेत आधी लिहिलेली आवश्यक तेवढीच उत्तरे तपासली जातात आणि नंतरचे जादा उत्तर सोडून दिले जाते. शेवटच्या वीस मिनिटांत लिहिलेले सर्वात चांगले उत्तर अशा वेळी हिशेबात धरता येत नाही. पंचनाम्यात क्रम टिपायला सांगितले ते यासाठीच.

यानंतर अभ्यास साहित्य उघडून प्रत्येक संख्यात्मक प्रश्न शांतपणे पुन्हा सोडवावा. क्लासच्या किंवा मित्रांच्या उत्तरांशी ताडून पाहण्याआधी हे स्वतः करणे फार महत्त्वाचे आहे, कारण पेपर संपल्यावर काही तासांतच फिरू लागणाऱ्या उत्तरांमध्ये एकाच प्रश्नाची दोन-तीन वेगळी उत्तरे असतात, आणि आपल्या उत्तराशी जुळणारे निवडण्याचा मोह होतो. पुन्हा सोडवताना अंतिम आकडा जुळतो की नाही एवढेच पाहू नये. कोणती पायरी चुकली आणि त्या चुकीचा परिणाम किती लांबपर्यंत गेला, हे पाहावे, कारण गुण पायऱ्यांना असतात.

ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगमधले एक उदाहरण घेऊ. धारक कंपनीने १ ऑक्टोबरला उपकंपनीचे ८० टक्के समभाग घेतले, वर्ष ३१ मार्चला संपते आणि उपकंपनीचा वर्षभराचा नफा १,२०,००० रुपये समप्रमाणात झाला आहे. त्यातला ६०,००० रुपयांचा नफा समभाग घेण्याआधीचा आहे. विद्यार्थ्याने घाईत संपूर्ण नफा नंतरचा धरला, तर गुडविल (समभागांसाठी मोजलेली जादा किंमत) ४८,००० रुपयांनी फुगते आणि एकत्रित नफाही तेवढाच फुगतो. त्यामुळे त्याचा ताळेबंद जुळतो आणि त्याला वाटते की उत्तर बरोबर आले. येथे दोन गोष्टी समजून घ्याव्यात. ताळेबंद जुळणे हा उत्तर बरोबर असल्याचा पुरावा नाही. दुसरीकडे, अल्पसंख्याक भागधारकांचा हिस्सा एकूण नफ्याच्या २० टक्के असल्याने तो या चुकीने बदलत नाही, आणि गुडविल सोडून इतर मालमत्ता व देणी यांची एकत्रित बेरीजही बरोबर राहते. म्हणजे १४ गुणांच्या अशा प्रश्नात ही चूक करणाऱ्याला शून्य धरायचे नाही आणि १३ ही धरायचे नाहीत. वर्किंग नोट्स (उत्तरामागची आकडेमोड) स्पष्ट असतील तर मी अशा उत्तराला ८ ते १० धरतो. वर्किंग नोट्स उत्तराचा भाग असाव्यात अशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच असते. ज्याने त्या लिहिल्या नाहीत आणि केवळ ताळेबंद मांडला, त्याचा चुकीचा आकडा कुठून आला हे परीक्षकाला दिसणार नाही, म्हणून त्याने स्वतःला त्याहून बरेच कमी द्यावे.

कराच्या पेपरमध्ये एकाच गैरसमजाची झळ अशीच अनेक ओळींना लागते. कलम ११५बीएसी ची नवी कररचना कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून मूळ रचना म्हणून लागू झाली. त्या रचनेत करदायित्व काढायचे असताना एखाद्याने तिथे न चालणारी ८०सी ची दीड लाखाची वजावट घेतली, तर त्याचे एकूण उत्पन्न आणि कर ही शेवटची दोन उत्तरे चुकतात, परंतु व्यवसायाचे उत्पन्न, भांडवली नफा, इतर उत्पन्न यांचे वरचे हिशेब बरोबर असतील तर त्यांचे गुण जात नाहीत. अशा वेळी घाबरून संपूर्ण प्रश्न सोडून देणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि ती चूक फुगवलेल्या अंदाजाइतकीच नुकसान करणारी आहे. काठावर असलेला विद्यार्थी विनाकारण खचतो आणि दुसऱ्या ग्रुपचे पेपर अर्ध्या मनाने देतो.

कायद्याच्या पेपरमध्ये मात्र बहुतेकांचा अंदाज वर जातो. समजा चार गुणांचा प्रश्न असा होता: लगतच्या मागील आर्थिक वर्षात एका कंपनीची निव्वळ मालमत्ता २०० कोटी, उलाढाल ७०० कोटी आणि निव्वळ नफा ६ कोटी आहे, तिला सामाजिक उत्तरदायित्वाची तरतूद लागू होते का? विद्यार्थ्याने "होय, नफा जास्त असल्याने लागू होते" असे लिहिले. निष्कर्ष बरोबर आहे. परंतु अपेक्षित उत्तरात कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मधील ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा या तीन मर्यादा, त्यांपैकी एक पूर्ण झाली तरी पुरते हा मुद्दा, दिलेल्या आकड्यांना ती तरतूद लावून दाखवणे, आणि मग निष्कर्ष, असा क्रम असतो. केवळ निष्कर्षाला चारांपैकी एकच गुण धरावा. आठवणीत आपण "उत्तर बरोबर लिहिले" एवढेच राहते, त्यातल्या तीन पायऱ्या लिहिल्याच नव्हत्या हे राहत नाही. मला ३८ गुण मिळाले तो पेपरही असाच होता.

ऑडिटच्या पेपरला तर पुन्हा सोडवून ताडण्यासारखा आकडाच नसतो. तीन पाने लिहिली म्हणून गुण मिळत नाहीत; प्रश्नातल्या परिस्थितीला लागू होणारे ऑडिटिंग स्टँडर्ड ओळखले का, त्यातले नेमके मुद्दे आले का, आणि त्या कंपनीविषयी निष्कर्ष काढला का, हे पाहावे. बाह्य पुष्टीकरणाचा प्रश्न असताना एसए ५०५ ऐवजी सर्वसाधारण पुराव्यावर लिहिले असेल, तर सर्व वाक्ये खरी असूनही उत्तर बाजूला पडते. या पेपरसाठी आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंटच्या भागासाठी मी विद्यार्थ्यांना एक युक्ती सांगतो: पंचनाम्यातल्या नोंदीवरून ते उत्तर पुन्हा जसेच्या तसे लिहून काढावे, सुधारणा न करता, आणि ते आपल्या जवळच्या नसलेल्या एखाद्या सीनियरला तपासायला द्यावे.

कॉस्टिंगचे पाहणे त्यामानाने सरळ आहे, तिथे पायऱ्या मोजता येतात.

मी स्वतः वापरतो ते प्रमाण असे. पद्धत, वर्किंग नोट्स आणि अंतिम आकडा तिन्ही बरोबर असतील तर त्या उपप्रश्नाचे ८५ ते ९५ टक्के गुण धरावेत. पद्धत बरोबर आणि एखादी पायरी चुकलेली असेल तर ५० ते ७० टक्के. मूळ संकल्पनाच चुकली असेल तर शून्य ते २५ टक्के. थिअरीचे उत्तर पुस्तकाशी ताडल्यावर चांगले वाटले तरी ६५ टक्क्यांच्या वर धरू नये. हे परीक्षा घेणाऱ्या सीए संस्थेचे नियम नाहीत, माझ्या अनुभवातून ठरलेले माप आहे. त्यात आपापल्या अनुभवाने बदल करावा. प्रत्येक उपप्रश्नासमोर खालचा, मधला आणि वरचा असे तीन आकडे मांडले की पेपरची पहिली खरी बेरीज तयार होते.

स्वतःचा वटाव

ओल्या सोयाबीनचे पोते मोंढ्यात जास्त भरते, पण आडत्या ओलावा मोजल्याशिवाय भाव बोलत नाही. आपल्या अंदाजातही असा ओलावा असतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. तो मोजायचा उपाय एकच आहे: परीक्षेपूर्वी दिलेल्या मॉक टेस्ट तपासून येण्याआधी स्वतःचा अंदाज लिहून ठेवणे. तीन टेस्टमध्ये एखाद्याने ६२, ५५ आणि ५८ असा अंदाज केला आणि प्रत्यक्षात ५१, ४७ आणि ५० गुण आले, तर १७५ च्या जागी १४८ मिळाले. म्हणजे त्याला रुपयामागे सुमारे ८५ पैसेच मिळतात. परीक्षेचा मधला अंदाज त्याने याच प्रमाणात कमी करावा; हाच त्याचा वटाव. काही विद्यार्थ्यांचे, विशेषतः काही मुलींचे, हे प्रमाण एकाच्या वर निघते. त्या सातत्याने स्वतःला कमी मोजतात, आणि त्यांनी आकडा वाढवून घेण्यात काही गैर नाही. ज्यांनी अशा नोंदी ठेवल्याच नाहीत, त्यांनी या खेपेस थिअरीच्या पेपरमधून पाच-सात गुण कमी करावेत आणि पुढच्या मॉक टेस्टपासून नोंद सुरू करावी.

पेपर कडक तपासले जातील की सैल, याचा कोणताही आकडा या हिशेबात घेऊ नये. तसे सांगणाऱ्या कुणाकडेही त्याचा आधार नसतो.

बेरीज आणि निर्णय

आता समजा एका विद्यार्थ्याचे वटावानंतरचे आकडे असे आले: अकाउंटिंग ४६, ५३, ५९, कायदा ३७, ४४, ५०, कर ४५, ५२, ६०. ग्रुपची खालची बेरीज १२८, मधली १४९ आणि वरची १६९ होते. तिन्ही पेपरचे खालचे आकडे एकाच वेळी खरे ठरणे तसे दुर्मीळ, पण कायद्याचा खालचा आकडा ४० च्या आत आहे आणि मधली बेरीज रेघेला टेकलेली आहे. हा विद्यार्थी काठावर आहे आणि त्याने स्वतःला काठावरचाच समजावे. करात साठ येऊन एक्झेम्प्शन मिळेल, असेही त्याने धरू नये. केवळ वरचा आकडा जिथे पोहोचतो, त्यावर पुढची योजना उभी करता येत नाही.

ज्याची खालची बेरीजही १५० च्या वर आहे आणि प्रत्येक पेपरचा खालचा आकडा ४० च्या वर आहे, त्याने निःशंकपणे पुढच्या कामाला लागावे. ज्याच्या एखाद्या पेपरचा वरचा आकडाही ४० ला पोहोचत नाही, किंवा ग्रुपची वरची बेरीज १५० च्या आत राहते, त्याने त्याच आठवड्यात अभ्यास सुरू करावा आणि खोली सोडू नये. दोन्ही ग्रुप दिले असतील तर एकत्रित ३०० चा हिशेब मात्र आधी करून पाहावा. उरलेले सगळे, म्हणजे बहुसंख्य विद्यार्थी, काठावरचे असतात. त्यांना माझे सांगणे असे की निकालापर्यंतचे दिवस अशा विषयांना द्यावेत, जे दोन्ही शक्यतांमध्ये उपयोगी पडतील. कर आणि अकाउंटिंग हे पुन्हा परीक्षा द्यावी लागली तरी लागतात आणि आर्टिकलशिपला गेल्यावर पहिल्या महिन्यापासून लागतात. रोज चार तास पुरेत. सर्वात कमकुवत पेपरला त्यातला एक तास द्यावा.

घरी काय सांगावे

हा भाग मी वगळू शकत नाही. आपल्याकडे अनेक घरांतून सीए करणारा हा पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी असते, आणि "पेपर कसा गेला?" या वडिलांच्या प्रश्नामागे पुढच्या हंगामाचा हिशेब असतो. बियाण्याचे पैसे, बहिणीची फी आणि मुलाच्या खोलीचे भाडे एकाच पिशवीतून जाते. "चांगला गेला" म्हणून त्यांना खोटा धीर देऊ नये आणि "सांगता येत नाही" म्हणून तोडूनही टाकू नये. पैसेवारीची भाषा त्यांना आपल्यापेक्षा चांगली कळते. "नजर अंदाज पन्नासच्या आसपास आहे, वर जाईल की खाली ते निकालावर ठरेल, म्हणून दोन महिने खोली ठेवतो आणि अभ्यास चालू ठेवतो", असे सांगितले तर ते समजून घेतात. निदान माझ्या वडिलांनी दुसऱ्या खेपेस समजून घेतले, आणि त्या वेळी त्यांनी गावात कुणाला आकडा सांगितला नाही.

सुधारित आणि अंतिम

संस्था काही आठवड्यांनी त्या परीक्षेची सजेस्टेड ॲन्सर्स, म्हणजे नमुना उत्तरे, प्रसिद्ध करते. ती हाती आली की वहीतला अंदाज एकदा, आणि एकदाच, सुधारावा. तिथे दिलेले उत्तर आदर्श असते आणि परीक्षागृहात कुणी तेवढे लिहीत नाही, म्हणून ते वाचून खचून जाऊ नये. त्यातले मुद्दे मोजावेत आणि आपल्या उत्तरात किती आले होते ते पाहावे. गृहीतके वेगळी असली तरी ती स्पष्ट लिहून त्यानुसार उत्तर सोडवले असेल, तर तो पर्यायही ग्राह्य धरला जाण्याची शक्यता असते; सजेस्टेड ॲन्सर्समध्ये अनेक ठिकाणी पर्यायी उत्तरे दिलेली आढळतात.

निकाल लागल्यावर आकडा अपेक्षेपेक्षा फार वेगळा आला, तर निकालाच्या तारखेपासून ३० दिवसांत गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. या पडताळणीत उत्तरे पुन्हा तपासली जात नाहीत. एखादे उत्तर तपासायचे राहिले का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढेच पाहिले जाते. त्यामुळे तीन-चार गुणांनी हुकलेल्या विद्यार्थ्याने तिच्यावर फार आशा ठेवू नये, पण खात्रीने लिहिलेल्या एखाद्या प्रश्नाचा हिशेबच लागत नसेल तर अर्ज अवश्य करावा. शुल्क भरून उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रतही मागवता येते, आणि काठावर अनुत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाने निदान एका पेपरची तरी मागवावी असे मला वाटते. ती आली की पंचनाम्याचे पान शेजारी उघडून ठेवावे, प्रत्येक उपप्रश्नापुढे आपला मधला अंदाज आणि परीक्षकाने दिलेले गुण लिहावेत, आणि कोणत्या प्रकारच्या उत्तरात किती फरक पडला ते वेगवेगळे मोजावे: संख्यात्मक प्रश्नांत किती, कायद्यात किती, थिअरीत किती. त्यातून निघालेला नवा वटाव पुढच्या खेपेच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.